डीप स्कायसाठी रिफ्रॅक्टर घेताय? मग आधी माउंटचं बोलू

प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे नाशिकचे, कॅनन २००डी आहे, सोबत किट लेन्स आणि ५५-२५०. बजेट पावणेदोन लाख, सगळं धरून. अँड्रोमेडा, ओरायन नेब्युला, हॉर्सहेड असले डीप स्कायचे, म्हणजे दूरच्या गॅलेक्सी-नेब्युलांचे, फोटो काढायचेत, जास्त करून घराच्या गच्चीवरून आणि जमेल तेव्हा पेठ तालुक्यातल्या गावी जाऊन. दुकानदारानं १२० मिमीचा एफ/५ अ‍ॅक्रोमॅट (साध्या काचांचा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची दुर्बीण) आणि ईक्यू३ माउंट (दुर्बीण धरणारा, ताऱ्यांमागे फिरणारा स्टँड) सुचवलाय, व्हिडिओ बघून बघून यांचं स्वतःचं मन मात्र १०२ मिमीच्या ईडीवर (रंगांचा घोळ कमी करणाऱ्या काचेचा रिफ्रॅक्टर) बसलंय, ७१४ मिमी फोकल लेंथवाल्या. दोन्हीतला कुठला घेऊ?

माझ्या मते दोन्ही नको, आणि का नको ते नीट सांगतो, कारण "हे घ्या" म्हणून एक नाव फेकलं तर उद्या ते मॉडेल दुकानात नसेल आणि तुम्ही परत तिथेच अडकाल.

तुम्ही विचारताय नळीबद्दल, पण तुमचा खरा प्रश्न आहे की या पैशात असा कुठला माउंट येईल जो दोन-तीन मिनिटं तारा एका जागी धरून ठेवेल, आणि त्या माउंटला झेपेल एवढी नळी कुठली. क्रम हा असा. उलटा क्रम लावला की काय होतं ते मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत बरेचदा बघितलंय, मोठी झळझळीत नळी येते, खाली डगमगता ट्रायपॉड, आणि सहा महिन्यांनी "वापरलेली नाही, बॉक्ससकट" अशी जाहिरात पडते.

आकडा बघा म्हणजे पटेल. खगोलीय विषुववृत्ताजवळचे तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात. दोन मिनिटांची एक फ्रेम घेतली तर तेवढ्यात आकाश १८०० आर्कसेकंद पुढे गेलं, म्हणजे जवळजवळ पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढं. आणि एवढं अंतर माउंटनं कापायचं ते असं की कुठेही २ आर्कसेकंदांच्या वर चूक होता कामा नये, नाहीतर तारे अंड्यासारखे. हे काम गियरचं आहे, मोटरचं आहे, बेअरिंगचं आहे, काचेचा त्यात काडीचा संबंध नाही. काच कितीही भारी असली तरी हललेला फोटो हललेलाच.

आता फोकल लेंथ. डोळ्यानं बघायला दुर्बीण घेतो तेव्हा आपण व्यास विचारतो, किती इंची, आणि ते बरोबरच आहे, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही, एका क्षणात जेवढा आला तेवढाच. कॅमेरा तासन्‌तास साठवतो, त्यामुळे फोटोत व्यास दुसऱ्या नंबरवर जातो आणि फोकल लेंथ पहिल्यावर. दोन गोष्टी तीच ठरवते, फ्रेममध्ये काय मावणार आणि माउंटची चूक किती मोठी होऊन दिसणार.

मावण्याचं आधी. तुमच्या २००डीचा सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिमी. ७१४ मिमीवर तुम्हाला साधारण १.८ अंश बाय १.२ अंश आकाश मिळेल. अँड्रोमेडा फोटोत जवळजवळ ३ अंश लांब आहे, म्हणजे दोन्ही टोकं कापली जाणार आणि मधला उजळ गोळा तेवढा फ्रेमभर. ४२० मिमीला ३ बाय २ अंश, तिरका धरला की अँड्रोमेडा मजेत बसतो. ३६० ला साडेतीन बाय २.४ अंशांच्या आसपास. ओरायन नेब्युला वरच्या रनिंग मॅनसकट, हॉर्सहेड आणि फ्लेम एकत्र, कृत्तिका सगळ्या धुरासकट, रोझेट, नॉर्थ अमेरिका, ही जी सुरुवातीला सगळ्यांना हवी असतात ती मंडळी अंशात मोजायची आहेत, त्यांना ३५० ते ४५० मिमी पुरे आणि हाच पट्टा सोयीचा. एम५१ सारख्या लहान गॅलेक्सी, रिंग नेब्युला, हे मात्र तिथे टिकलीएवढे येतील, ते खरंय. त्यांच्यासाठी पुढे कधीतरी वेगळी नळी, आत्ता त्यांचा विचार डोक्यातून काढा. स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचं माप आणि फोकल लेंथ टाकली की चौकट दिसते, पैसे देण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घालवा, फुकट आहे.

दुसरं, चूक किती मोठी दिसणार. सूत्र साधं आहे, पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये गुणिले २०६, भागिले फोकल लेंथ मिमीमध्ये, उत्तर येतं आर्कसेकंद प्रति पिक्सेल. तुमचा पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा. ७१४ वर १.०७, ४२० वर १.८, ३६० वर २.१, आणि तुमच्याकडच्या लेन्सला २५० वर ३ च्या थोडं वर. गायडिंगची (दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्यानं तारा बघत माउंटला सतत दुरुस्त करत राहणं) सरासरी चूक या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास असावी असा माझा हिशोब असतो, अगदी ताणून दोन तृतीयांश. म्हणजे १०२ च्या ईडीला माउंटनं अर्ध्या आर्कसेकंदाच्या आसपास चालायला हवं, जे आपल्या बजेटमधले माउंट चांगल्या रात्री, वारा नसताना, सगळं जुळून आलं तर कधीतरी देतात. ४२० ला १ आर्कसेकंद चालतं, आणि तेवढं चांगला मध्यम माउंट रोज देतो. रोज या शब्दाला महत्त्व आहे, कारण आपल्याकडे पावसाळा गेला, पौर्णिमेच्या आसपासचे दिवस गेले, ढग गेले, ऑफिस गेलं, उरलेल्या रात्री मोजक्याच, त्यातली निम्मी माउंटशी भांडण्यात घालवायची नसते.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. १२०/६०० अ‍ॅक्रोमॅट डोळ्यानं बघायला छान आहे, तारकागुच्छ बघा, आकाशगंगेचे पट्टे बघा, मजा येते. फोटोसाठी नाही. अ‍ॅक्रोमॅटमध्ये दोन काचा मिळून दोन रंग एका ठिकाणी फोकस करतात, निळा-जांभळा मात्र थोडा मागे पडतो, आणि नळी जितकी फास्ट, म्हणजे एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितका हा घोळ जास्त, एफ/५ ला तर भरपूर. डोळ्याला जांभळं फारसं दिसत नाही म्हणून डोळा माफ करतो. कॅमेरा माफ करत नाही, प्रत्येक ठळक ताऱ्याभोवती जांभळा फुगा येतो आणि तो नुसता रंग नसतो, तारा खरोखर सुजलेला असतो, सॉफ्टवेअरमध्ये रंग काढला तरी सूज राहते. अँड्रोमेडाच्या फोटोत हजारो तारे असतात, सगळ्यांना सूज. शिवाय खाली ईक्यू३. साधा ईक्यू३ हातानं फिरवायचा, त्याला एका अक्षावर मोटर नंतर लावायची, आणि पाच-साडेपाच किलोच्या क्षमतेवर ती लांबलचक नळी म्हणजे वाऱ्याची झुळूक आली तरी फ्रेम गेली. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याच्याकडे बहुतेक गिऱ्हाईक शनीची कडी बघायला येतं, त्या हिशोबानं त्यानं सांगितलं असेल.

मग रिफ्रॅक्टरच का, न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) का नाही, असं कोणी तरी खाली विचारणारच, म्हणून आधीच लिहितो. १३० मिमीचा फोटोग्राफिक न्यूटोनियन त्याच पैशात जास्त प्रकाश देतो हे खरं. पण त्याचे आरसे जुळवत बसावं लागतं, गाडीतून गावी नेलं की परत जुळवा, कोमा करेक्टर (कडेचे ताणलेले तारे सुधारणारी भिंगं) वेगळा घ्या, नळी जाडजूड त्यामुळे वारा खाते. लहान रिफ्रॅक्टर डब्यातून काढला, लावला, फोकस केला, झालं. पहिल्या वर्षी पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं), गायडिंग, स्टॅकिंग (बऱ्याच फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं), प्रोसेसिंग एवढं सगळं एकदम शिकायचं असतं, त्यातलं एक डोकेदुखीचं खातं बंद झालं तर बरंच.

रिफ्रॅक्टरमध्ये काय बघायचं? डब्यावर "ईडी" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, ईडी ही एक काच नाही, घराणं आहे. एफपीएल-५३ आणि एफसीडी१०० ही वरच्या दर्जाची, दोन्ही जवळपास सारखी, कंपन्या वेगळ्या. एफपीएल-५१ आणि एफसीडी१ त्याच्या खालची. खालची म्हणजे वाईट नव्हे, एफ/७ ला खालची काचही बऱ्यापैकी स्वच्छ फोटो देते, पण एफ/६ च्या खाली जायचं असेल तर वरची काच असावी नाहीतर तीन काचांचा ट्रिप्लेट असावा. जोडीची दुसरी काच कुठली हेही महत्त्वाचं असतं आणि ते कंपन्या बहुतेक सांगत नाहीत, म्हणून जाहिरात कमी वाचा आणि लोकांनी काढलेल्या कच्च्या फ्रेम जास्त बघा, प्रोसेस केलेल्या नाही, कच्च्या, आणि चारही कोपरे झूम करून.

कोपऱ्यांवरून आठवलं, फ्लॅटनर. हा खर्च लोक धरतच नाहीत. साध्या रिफ्रॅक्टरची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते आणि सेन्सर सपाट, त्यामुळे मधले तारे टोकदार आणि कोपऱ्यातले ताणलेले. त्यावर उपाय फ्लॅटनर, काही फ्लॅटनर रिड्यूसरसुद्धा (फोकल लेंथ कमी करणारे) असतात, उदाहरणार्थ ७२ मिमीच्या ४२० मिमीवाल्या ईडीला ०.८५ चा लावला की ३५७ मिमी आणि जवळजवळ एफ/५. बहुतेक फ्लॅटनरना सेन्सर ५५ मिमीवर लागतो, तुमच्या कॅननच्या बॉडीत माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत आहे आणि टी-रिंग (कॅमेरा नळीला जोडणारी कडी) ११ मिमीची, बेरीज बरोबर ५५, त्यामुळे डीएसएलआरवाल्यांचं हे गणित आपोआप सुटतं. पुढे अ‍ॅस्ट्रो कॅमेरा घेतलात की स्पेसर रिंगा मोजत बसावं लागेल, तेव्हाचं तेव्हा. पेट्झव्हल जातीच्या नळ्या, रेडकॅट ५१ वगैरे, यांच्यात फ्लॅटनर आतच असतो, अंतराची कटकट नाही, पण किंमत तशी.

एक गंमत बघा. ७२ मिमीची एफ/५.८ आणि १०२ मिमीची एफ/७, दोन्हींवर तुमचाच कॅमेरा लावला, तर पसरलेल्या नेब्युलाचा प्रत्येक पिक्सेलवर पडणारा प्रकाश छोट्या नळीत जास्त असतो, साधारण दीडपटीला थोडा कमी. मोठी नळी तपशील जास्त देते, चित्र मोठं देते, पण त्यासाठी वेळ जास्त मागते आणि माउंट भारी मागते. १०२ चा ईडी वाईट स्कोप नाही, तुमच्या हातात तो दोन वर्षांनी शोभेल.

फोकसरवर कंजूषी नको. एफ/५ ला फोकसची सुरक्षित जागा ६०-७० मायक्रॉनची, साधारण केसाच्या जाडीएवढी, त्यामुळे दोन वेगांचा फोकसर हवाच, आणि कॅमेऱ्याच्या वजनानं तो घसरत नाही ना हे दुकानात नळी उभी धरून बघा. बाहतिनोव्ह मास्क (नळीच्या तोंडावर लावून फोकस जुळवायची जाळी) घ्या, स्वस्त आहे. नाशिकला डिसेंबरात संध्याकाळ ते पहाट तापमान बरंच उतरतं, तासा-दीड तासानं फोकस परत तपासायची सवय लावून घ्या.

आता माउंट, ज्यासाठी एवढं सगळं. इथे मी तुम्हाला एकच नाव देऊ शकत नाही, कारण दोन गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. एक, सामान उचलणार कोण आणि कशातून नेणार. दोन, गच्चीवरून उत्तर दिसते का.

वजनाचं सांगतो. एचईक्यू५ हा या कामाचा जुना, भरवशाचा बैल आहे. क्षमता १३-१४ किलो लिहिलेली, फोटोला त्याच्या निम्मी ते दोन तृतीयांश धरायची, म्हणजे ७-९ किलो, तुमच्या ७२-८० मिमीच्या नळीला, कॅमेरा, गायडस्कोप सगळं धरून चार-पाच किलोला तो आरामात वागवेल आणि पुढे १०२ घेतलात तरी चालेल. गियरची चूक आहे, पण ती साडेदहा मिनिटांच्या चक्रात हळूहळू येते, गायडिंग तिला सहज पकडतं. फक्त डोकं १० किलो, वर काउंटरवेट, खाली स्टीलचा ट्रायपॉड, सगळं मिळून पंचवीस किलोच्या आसपास. तिसऱ्या मजल्यावर राहता आणि गच्ची पाचव्याच्या वर, लिफ्ट चौथ्यापर्यंतच, असं असेल तर पहिल्या आठवड्यात हौसेनं न्याल आणि नंतर "उद्या नेऊ". घरात पडून राहिलेल्या एचईक्यू५ पेक्षा रोज बाहेर येणारा छोटा माउंट केव्हाही चांगला.

छोटा म्हणजे स्टार अ‍ॅडव्हेंचरर जीटीआय. डोकं अडीच किलोच्या आसपास, क्षमता ५ किलो, दोन्ही अक्षांना मोटर, गोटू (सांगितलेल्या वस्तूकडे आपोआप वळणं) आहे, गायडिंग दोन्ही अक्षांत होतं. याच्याच आधीचा २आय आहे त्याला एकाच अक्षावर मोटर, तो लेन्ससाठी ठीक, नळीसाठी घेऊ नका. जीटीआयवर ६०-६१ मिमीची ३६० मिमीवाली नळी मी डोळे झाकून सांगीन. ७२ ची कॅमेरा-गायडरसकट साडेतीन किलोला जाते, चालते, पण वारा सुटला की काही फ्रेम फेकाव्या लागतील.

तिसरा प्रकार म्हणजे हे नवे हार्मोनिक गियरवाले, एएम३, एएम५ आणि त्यांची भावंडं. एएम३ चं डोकं चार किलोच्या आत आणि काउंटरवेटशिवाय ८ किलो उचलतो, पाठीवरच्या बॅगेत मावतो, प्रवास करणाऱ्याला वरदान आहे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. यांची गियरची चूक मोठी असते, भराभर बदलते, म्हणजे गायडिंग अर्ध्या-एक सेकंदाच्या एक्सपोजरवर सतत चालू हवं, गायडिंग बंद पडलं की त्या क्षणापासूनच्या फ्रेम कचऱ्यात. आणि पावणेदोन लाखात नवा एएम३ घेतला तर नळी, फ्लॅटनर, गायडिंगला हात आखडावा लागेल. थोडं थांबून बजेट वाढवणार असाल तर विचार करा.

आता उत्तर दिशा. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं ध्रुव वर कुठेतरी लटकलेला असतो. नाशिकला तो क्षितिजापासून फक्त २० अंशांवर आहे, म्हणजे शेजारची बिल्डिंग, पाण्याची टाकी, एखादं सोलरचं पॅनल, काहीही आडवं येतं. टाकी आडवी आली म्हणून हौस सोडायची गरज नाही. नीना नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तीन बिंदूंवरून पोलर अलाइनमेंट करणारं प्लगइन येतं, माउंट आकाशात जिथे मोकळं आहे तिथे तीन फोटो काढतं, तारे ओळखतं आणि सांगतं किती डावीकडे किती वर. ध्रुव दिसायची गरजच नाही. फक्त सुरुवातीला माउंटचं तोंड होकायंत्रानं उत्तरेला आणि कोन २० ला लावून ठेवायचा, आणि मोबाईलचं होकायंत्र लोखंडी सळ्यांच्या स्लॅबवर बरळतं हे लक्षात ठेवायचं.

कमी अक्षांशाची अजून एक भानगड आहे जी परदेशी रिव्ह्यूत कोणी सांगत नाही. अक्ष २० अंशांवर म्हणजे जवळजवळ आडवा, त्यामुळे काउंटरवेटची दांडी जवळजवळ सरळ खाली लोंबते, उत्तरेकडच्या बाजूला, आणि काही माउंटमध्ये ती वजनासकट ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायाला जाऊन टेकते. मोटर चालू असताना टेकली तर गियरला त्रास. माउंट घेताना दोन गोष्टी विचारा, अक्षांश कितीपर्यंत खाली येतो (काही जुन्या मॉडेलना २५ च्या खाली जायला जमत नाही असंही निघतं), आणि २० अंशांवर दांडी पायाला लागते का. घरी आणल्यावर नळी न लावता दिवसाउजेडी एकदा हातानं फिरवून बघा. लागत असेल तर वजन दांडीवर वर सरकवून, किंवा माउंटखाली छोटा उंचवटा, ज्याला पियर एक्स्टेन्शन म्हणतात, तो लावून सुटतं.

या कमी अक्षांशाचा फायदाही तसाच आहे हं. लगून नेब्युला आपल्याला ४५ अंशांवर मिळतो, लंडनवाल्याला तो क्षितिजावरच्या धुरकटात शोधावा लागतो. ओमेगा सेंटॉरी साडेबावीस अंशांवर येतो, दक्षिण मोकळी असेल तर एप्रिल-मे मध्ये तुमच्या गावातून ३६० मिमीवर काढून बघाच.

गायडिंगला ३० मिमीचा छोटा गायडस्कोप आणि साधा मोनो गायड कॅमेरा पुरतो, १२० मिमी फोकल लेंथचा गायडर तुमच्या ३६०-४२० ला व्यवस्थित सांभाळतो. पीएचडी२ हे गायडिंगचं सॉफ्टवेअर फुकट, लॅपटॉप जुना चालतो. पण एक सांगतो, पहिल्याच दिवशी गायडिंग लागतंच असं नाही. शहरातल्या गच्चीवर एफ/५-एफ/६ ला ३० ते ६० सेकंदांतच आकाशाचा उजेड सेन्सर भरायला लागतो, त्याहून लांब फ्रेम घेऊन फायदा होत नाही, तेव्हा ६० सेकंदांच्या दीडशे फ्रेम घ्या आणि स्टॅक करा. लांब फ्रेमची, म्हणून गायडिंगची, खरी गरज गावाच्या अंधारात पडते.

आणि ते गाव तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, हे तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय पण मी तिथेच थांबलो. आकाश २ मॅग्निट्यूडनं (तेजस्वीपणाचं माप) गडद असलं तर उजेड सहा पटीनं कमी, आणि तेवढाच स्वच्छ फोटो मिळवायला शहरात सहा पट वेळ लागतो. गावातले दोन तास आणि गच्चीवरचे बारा तास अशी ती बरोबरी आहे. अँड्रोमेडा, कृत्तिका, ओरायनच्या भोवतीची धूळ, हे गावातूनच काढा. हे गणित मी माउंट निवडतानाही धरतो, म्हणून मला तुमच्याकडे गाडी आहे का हे विचारावंसं वाटलं.

हॉर्सहेडबद्दल थोडी निराशा होईल ती आधीच सांगून ठेवतो. त्याच्या मागचा लाल पडदा हायड्रोजन-अल्फाचा, ६५६ नॅनोमीटरचा, आणि तुमच्या कॅमेऱ्यातला कारखान्याचा फिल्टर नेमका तोच लाल बराचसा अडवतो. घोडा दिसेल, पण मागचा पडदा फिका. २००डी घरातल्या लग्नकार्याला पण लागत असेल तर तो उघडू नका, पुढे कधी जुना ६००डी वगैरे सेकंड हँड घेऊन त्याचा फिल्टर काढून घ्या, स्वस्तात पडतं. तोवर ओरायन, अँड्रोमेडा, तारकागुच्छ, रो ओफियुकी यांना साधा कॅमेरा छान चालतो. हायड्रोजनला मॉडिफाइड कॅमेरा आणि ड्युअल बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच ठरावीक पट्टे आत सोडणारा) अशी जोडी असेल तर मात्र शहरातल्या गच्चीवरूनही रोझेटसारख्या गोष्टी निघतात, हे पुढचं गाजर म्हणून लक्षात ठेवा.

पैशांचं. मी निम्मे माउंटला ठेवतो, पाव नळी आणि फ्लॅटनरला, आणि उरलेला पाव त्या गोष्टींना ज्या कोणी मोजत नाही: गायडर, बॅटरी, ड्यू हीटर, केबली, टी-रिंग, डमी बॅटरी. ड्यू हीटरला कमी लेखू नका, हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर काचेवर दव बसतं आणि तुम्हाला कळत पण नाही, फोटो हळूहळू धुरकट होत जातात आणि सकाळी समजतं. बारा व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या, गावात लाइट जाते तेव्हा माउंटची जागा हरवली की सगळं पहिल्यापासून. बाहेरून मागवणार असाल तर कस्टम आणि जीएसटी धरूनच तुलना करा, आणि वॉरंटीला वस्तू परत पाठवायचा खर्च कोणाचा ते लेखी घ्या. आणि पावसाळ्यात चार महिने नळी कपाटात तशीच ठेवू नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, काचेला बुरशी लागली की ती काढताना कोटिंग जातं.

तर तुमच्या जागी मी काय करीन. आत्ता फक्त माउंट घेईन, जीटीआय किंवा एचईक्यू५, वजनाचं जे जमेल ते, आणि त्यावर तुमच्याकडचीच ५५-२५० लावीन, २५० वर, एफ/५.६ किंवा ६.३ ला. अँड्रोमेडा त्यातही येतो, पाच अंशांच्या फ्रेममध्ये, लहान पण पूर्ण. दिवाळीनंतरच्या अमावास्येपासून दोन-तीन महिने पोलर अलाइनमेंट, फ्लॅट, डार्क (फोटोतले दोष काढायला लागणाऱ्या वेगळ्या फ्रेम), स्टॅकिंग हे सगळं त्याच्यावर शिकून घ्या, सिरिल हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरपूर आहे. त्या लेन्सचे तारे काही फार सुंदर नाहीत, पण चुका माफ करणारी फोकल लेंथ आहे. मग जानेवारी-फेब्रुवारीत, हात बसल्यावर, ६० ते ७२ मिमीची ईडी आणि तिचा फ्लॅटनर. तोवर तुम्हाला स्वतःलाच कळलेलं असेल की ३६० हवी की ४२०, आणि मला विचारायची गरज उरणार नाही.

आणि हे सगळं वाचून वाटलं की बाप रे, एवढं कोण करेल, तर त्यात कमीपणा नाही. सीस्टारसारख्या स्मार्ट दुर्बिणी आहेत, ५० मिमीची नळी, कॅमेरा, माउंट सगळं एका डब्यात, मोबाईलवर बटण दाबा आणि अर्ध्या तासात ओरायन. तुमच्या बजेटच्या बरंच आत बसतं. मोठं प्रिंट काढायला ते कमी पडेल आणि खटपटीची मजा त्यात नाही, पण ज्याला फोटो हवाय आणि खटपट नकोय त्याला मी तेच सांगतो.

नाशिकात नाहीतर पुण्या-मुंबईत आकाशदर्शनाचे गट आहेत, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम असतात. घ्यायच्या आधी एकदा जाऊन माउंट हातात उचलून बघा, पाच मजले चढायच्या हिशोबानं.

आता तुम्ही एवढं कळवा: गच्चीला लिफ्ट आहे का, गावी जायला स्वतःची गाडी आहे का, आणि उत्तरेला टाकी किंवा बिल्डिंग किती उंच आहे, मोबाईलवर फोटो काढून टाका. ते कळलं की जीटीआय की एचईक्यू५ हे मी पक्कं सांगतो.